बकेट आणि परहॅप्स

बदनापूर
१६ जानेवारी २०२५

ती. प्रभावती आक्का यांना,
सुरेखाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मला ओरडून सांगता येत नाही, कारण हे शेजारीच खाटेवर असतात आणि यांना सगळं ऐकू येतं. म्हणून कागद घेतला. तुमच्या भावाला दवाखान्यातून घरी आणलं. लकव्यामुळे उजवा हात उचलला जात नाही. पाय धरून धरून थोडा टाकतात. डाव्या हाताने जेवतात, सांडलं की ताट ढकलून देतात. पण आक्का, जीव वाचला, तोंडही बरंच सरळ झालं.

वाचा मात्र गेली. दोनच शब्द राहिले आहेत आणि दोन्ही इंग्रजी. एक बकेट आणि एक परहॅप्स. माझं नाव येत नाही, पोटच्या पोराचं, हरिओमचं येत नाही, पाणी म्हणता येत नाही. घरी आणलं त्या सकाळी यांनी मोठ्याने बकेट म्हटलं, तर मी पळत जाऊन न्हाणीतली बकेट आणली. यांनी मान हलवली आणि परत बकेटच म्हणाले. मी मोठी आणली. मग लोखंडी आणली. तिन्ही खाटेपाशी मांडल्यावर यांनी डोळ्यांवर हात घेतला आणि रडले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी यांना रडताना पाहिलं नव्हतं.

दुसरा शब्द मला माहीतच नव्हता. यांचा जुना विद्यार्थी बुद्धभूषण आता यांच्याच शाळेत इंग्रजी शिकवतो. तो रोज संध्याकाळी यांना चालवायला येतो. त्याने सांगितलं की परहॅप्स म्हणजे कदाचित. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, मास्तरांची विद्या बघा, मराठी गेली पण इंग्रजी राहिली. मी चहा करते.

माझी आई तुळजाबाई दिवाळीपासून खुब्याचं हाड मोडल्याने अंथरुणाला आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. एका खोलीत ती, एका खोलीत हे. ती बोलायची थांबत नाही आणि यांना बोलता येत नाही. संक्रांतीला वाण लुटायला कुठे गेले नाही.

पत्र लवकर लिहा. माया आहे तशी राहू द्या.

आपली,
सुरेखा


धावडा
२३ जानेवारी २०२५

चि. सौ. सुरेखास,
प्रभावतीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं. सूनबाईनं वाचून दाखवू का म्हणून विचारलं, मी म्हनलं, मला ऐकू येत न्हाई, डोळे शाबूत हायेत. दोनदा वाचलं. मंग ओसरीवर बसून राह्यले.

बद्री लहानपणी बांधावर उभा राहून इंग्रजी पाठ करायचा. शेळ्या माळावर जायच्या आणि मार मला बसायचा. तुमच्या लग्नात त्यानं तुला इंग्रजीत नाव घ्यायला लावलं होतं, आठवतं का? तू चार दिवस पाठ केलं आणि मांडवात रडायला लागलीस. मंग तोच म्हणाला, राहू दे, मराठीत घे. आम्ही अजून हसतो त्या गोष्टीला.

आता एक ऐक. तान्हं लेकरू काय बोलतं? एकच अ‍ॅ करतं. तरी आईला बराबर कळतं भूक कोणती आणि पोटदुखी कोणती. तू ध्यान देऊन बघ, कोणता शब्द तो कवा काढतो. लोकांच्या बोलण्याकडं बिलकुल ध्यान देऊ नको.

हे पत्र त्याला वाचून दाखव. आक्कानं विचारलं म्हणून सांग. त्याला माझं नाव घेता येतं का ते बघ, नसलं येत तर जबरदस्ती करू नको.

तुळजाबाईला माझा नमस्कार. तू दोन घास खात जा, जल्दी जल्दी उभ्यानं नको. लोभ आटू देऊ नको.

तुझी,
प्रभावती आक्का


बदनापूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कांना,
सुरेखाचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र यांच्यापाशी बसून मोठ्याने वाचलं. मांडवातल्या रडण्याची गोष्ट आली तेव्हा हे खदखदा हसले. मला तर भडभडून आलं. मग तुमचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. ओठ मिटले, उघडले, आणि बकेट निघालं. यांनी तोंड फिरवलं. मी जबरदस्ती केली नाही.

तुम्ही सांगितल्यासारखं ध्यान दिलं. बुद्धभूषणनेही समजावलं. तो म्हणाला, हे दोन शब्द एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. एक वस्तूचं नाव आहे, ते हातात धरता येतं. दुसरा हातात येत नाही, वाक्याला लावला की ते वाक्य डळमळतं, येतो आणि कदाचित येतो यांत जेवढा फरक तेवढा. ते मी मनात ठेवलं आणि बघत गेले. आक्का, मला कळायला लागलं! काही हवं असलं की बकेट. हळू म्हटलं तर पाणी, जोरात म्हटलं तर पांघरूण काढ किंवा खिडकी उघड. विचारल्याचं उत्तर असलं की परहॅप्स. लांबवून म्हटलं तर हो आणि तोडून टाकलं तर नाही. दहादा विचारलं तर सात-आठदा जमतं. मी बुद्धभूषणला म्हटलं की तुझ्या सरांनी म्हातारपणी मला शिकवायला घेतलं. तो हसला नाही, सरांना चालवायला घेऊन गेला.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. हरिओम पुण्याहून आला होता. तो म्हणतो, बाबांना पुण्याला नेतो, तिथे रोज बोलण्याचा सराव करून घेतात आणि पहिले काही महिने हातचे घालवू नयेत असं डॉक्टर सांगतात. इथून संभाजीनगरला रोज यांना गाडीत घालून नेणं होत नाही, ते खरं आहे. सूनबाई सगळं करेल, तेही खरं आहे. पण मला जाता येत नाही. आईला उठवायला, बसवायला माझ्याशिवाय कोणी नाही. तिला त्या प्रवासात हलवता येत नाही. म्हणजे हे एकटे जाणार.

मी म्हटलं, त्यांनाच विचार. त्याने विचारलं. हे परहॅप्स म्हणाले. हरिओमला वाटलं, होकार आला. मी म्हटलं, तोडून म्हणाले, नाही म्हणाले. तो म्हणाला की त्या शब्दाचा अर्थ नाही असा जगाच्या पाठीवर कुठे होत नाही. मी म्हटलं, जगाच्या पाठीवर होत नसेल, या घरात होतो. मग आवाज चढले. ज्या शब्दाचा अर्थ मला महिन्याभरापूर्वी माहीत नव्हता, त्यावरून मी पोटच्या पोराशी भांडले. खाटेवरून बकेट, बकेट ऐकू येत होतं, तिकडे दोघांनीही बघितलं नाही.

तो चिडून गेला. पुढच्या आठवड्यात परत येतो म्हणाला. मी काय करू, सांगा. तुम्ही यांच्या मोठ्या आहात. पत्राची आणि मायेची वाट पाहते.

आपली,
सुरेखा


धावडा
१५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुरेखास,
प्रभावतीचे डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. वि. वि.

लेकरू आणि आई असं मी लिहिलं होतं, ते चुकलं असं आता वाटून राह्यलं. लेकराला दूध पाहिजे, बस. बद्रीच्या मनात काय काय असंल, ते आपल्याला कसं कळावं?

राग मानू नको. हरिओमला त्याला न्यायचं हाय, म्हणून त्याला हो ऐकू आलं. तुला ठेवायचं हाय, म्हणून तुला न्हाई ऐकू आलं. मी बहिरी, मला तर काहीच ऐकू आलं न्हाई, म्हणून लिहिते. तुम्ही दोघं त्याला घेऊन संभाजीनगरला जा, बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरला दाखवा आणि मंग ठरवा. हरिओमला फोन कर. आधी तू कर, तो करणार न्हाई, बापावर गेलाय.

मला झोप लागत न्हाई हे त्याला सांगू नको. जीव लावून राहा.

तुझी,
प्रभावती आक्का


बदनापूर
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कांना,
सुरेखाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं ऐकलं. फोन मीच केला. बुद्धभूषणच्या बायकोला आईपाशी बसवून आम्ही तिघं संभाजीनगरला गेलो. बोलण्याचा सराव घेणाऱ्या साधना मॅडम आहेत, वयाने हरिओमएवढ्या. त्या आमच्याशी न बोलता आधी यांच्याशी बोलल्या, खुर्ची ओढून, समोर बसून. तेवढ्यानेच यांचा चेहरा बदलला. त्यांनी चित्रं मांडली आणि किल्ली कुठे, कंगवा कुठे, कपबशी कुठे असं विचारलं. यांनी सगळ्यांवर बरोबर बोट ठेवलं. मग नाव सांगा म्हटलं. किल्लीला बकेट म्हणाले. कंगव्याला बकेट. कपबशीला परहॅप्स. आणि घामाघूम झाले.

मग त्यांनी आम्हाला समजावलं. यांची इंग्रजी राहिली आणि मराठी गेली असं काही नाही. किल्ली बघितली की यांच्या मनात किल्लीच येते, तोंडातून निघताना जे अडकून बसलंय तेच निघतं. कोणाचं नुसतं चला राहतं, कोणाची शिवी राहते, यांचे हे दोन राहिले. का हेच, ते कोणी सांगू शकत नाही. मी विचारलं की यातला हो कोणता आणि नाही कोणता. त्या म्हणाल्या, दोन्हींतला कोणताच नाही. या दोन शब्दांना यांच्या तोंडी आता अर्थच उरला नाही. आणि चुकीचा शब्द निघाला हे यांना स्वतःला ऐकू येतं, म्हणून हे रडतात.

आक्का, मी महिनाभर जे शिकले ते सगळं तिथल्या तिथे गेलं. मग पाणी द्यायचं मला जमत कसं होतं, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही शब्दावरून नाही, त्यांच्या डोळ्यांवरून आणि घोगऱ्या गळ्यावरून ओळखत होता. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील.

त्यांनी दोन मोठी पाटीसारखी कार्डं काढली, एकावर होय आणि एकावर नाही. तुमचं नाव बद्रीनाथ का, विचारलं. यांनी होयवर हात ठेवला. तुम्ही जालन्याचे कलेक्टर का, विचारलं. नाहीवर हात ठेवला आणि हसले. मग त्यांनी मला विचारू दिलं. मी म्हटलं, अहो, हरिओमकडे पुण्याला जायचं का? तिथे मी नसेन.

यांनी होयवर हात ठेवला.

मॅडमनी कार्डांची जागा बदलली आणि परत विचारलं. परत होय. माझ्याकडे बघत होते आक्का, नजर चुकवली नाही. हरिओम जिंकल्याचं तोंडावर दाखवेल असं मला वाटलं होतं. तो उठून बाहेर गेला आणि नळापाशी उभा राहून तोंड धूत राहिला.

यांना बोलायचं आहे. माझ्यापासून दूर जाऊन का होईना, यांना बोलायचं आहे. मला वाटत होतं, मला कळतं तेवढं पुरे. यांना ते पुरत नव्हतं.

शुक्रवारी नेणार. तुमचा हात पाठीवर असू द्या.

आपली,
सुरेखा


बदनापूर
२ मार्च २०२५

ती. आक्कांना,
सुरेखाचा नमस्कार. वि. वि.

हे गेले. बुद्धभूषणने आणि हरिओमने उचलून गाडीत बसवलं. आधी आईच्या खाटेपाशी चाकाची खुर्ची थांबवली होती, आईने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मी यांच्या अंगावर शाल नीट केली आणि मागे सरायला गेले, तर यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हाताने. कार्डावर होय दाखवणारा तोच हात. मी हळूच सोडवायला बघितलं, तर जास्तच आवळलं. हरिओम म्हणाला, बाबा, उशीर होतोय. सोडलं नाही. नको का जायला, म्हणून मी विचारलं. कार्डं पिशवीत खाली गेली होती. यांनी तोंड उघडलं आणि बकेट म्हणाले, मग परहॅप्स, मग परत बकेट, एकामागून एक, थांबेचनात. शेवटी हरिओमने एकेक बोट सुटं केलं. त्याचे डोळे भरून आले होते. दार लावलं.

मनगटावर अजून लाल आहे. कार्डाचं खरं मानू का हाताचं, मला काही कळत नाही. रोज हरिओम मोबाइलवर यांचा चेहरा दाखवतो. हे बोलतात आणि मी हो म्हणते. कशाला हो म्हणते, देव जाणे. तुम्हाला काही समजत असलं तर लिहा. विसरू नका.

आपली,
सुरेखा


धावडा
८ मार्च २०२५

चि. सौ. सुरेखास,
प्रभावतीचे आशीर्वाद. वि. वि.

मला काही समजत न्हाई. साठ वर्षं झाली त्याला वळखते, तरी समजत न्हाई. जायचं असंल आणि सोडवतही नसंल. माणसाला दोन्ही वाटतं, बोलता येणाऱ्यालाही.

मी होळीनंतरच्या सोमवारच्या एसटीनं बदनापूरला येते. मला बोलावलं न्हाईस, आणि मी विचारत न्हाई. तुळजाबाईला उठवणं-बसवणं मला जमतं, सासूचं केलंय मी. ती दिवसभर बोलंल आणि मला ऐकू येणार न्हाई, दोघींचं बराबर जमंल. तू हरिओमला सांग आणि पुण्याला जा. पंधरा दिवस, महिना, जमंल तितकं. बद्रीपाशी बस. तो काय म्हणतो ते मला लिहून कळवू नको, नुसता कसा हाय ते लिही.

जाताना माझ्यासाठी दळण करून ठेव. बाकी सगळं डोळ्यांनी बघू.

तुझी,
प्रभावती आक्का