डाव्या पायाजवळचं बटण

सोमवार, ३ जून

बाराच्या बारा गाड्या पहिल्या झटक्यात चालू! जून म्हणजे आमचा ऐन हिवाळा, सकाळी बोटं गारठून लाकूड झालेली, गवतावर दव गोठलेलं, आणि माझ्या बारा म्हाताऱ्या — एकही खोकली नाही! कर्नल सेबेखो हात चोळत उभे होते. म्हणाले, "रा-बोइपेलो, या वयात तुम्ही स्वतः तरी इतक्या पटकन उठता का?" सगळे हसले. हसू देत.

तर आता पक्कं झालं. आपल्याकडे नव्या चिलखती गाड्या आल्या, या जुन्या बारा लेसोथोच्या सैन्याला भेट. अठ्ठावीस तारखेला समारंभ. बँड, मंत्री, भाषणं — सगळा थाट. गाड्या ठीक असल्याचा दाखला माझ्या सहीने जाणार. कर्नल म्हणतात, "तुमची सही दिसली की मी वरचं वाचतसुद्धा नाही."

वाचायचंच नाही! एकतीस वर्षं या वर्कशॉपात काढली. माझी सही म्हणजे गाडी चालणार, विषय संपला. ऑगस्टात निवृत्ती आहे. जाता जाता एवढा मान मिळाला, अजून काय पाहिजे?

बुधवार, ५ जून

लेसोथोचे ड्रायव्हर आले. बारा जण. गणवेशावर जाडजूड रंगीत पांघरुणं लपेटलेली, पिनेने अडकवलेली. डोंगरातली माणसं, त्यांना आपली थंडी म्हणजे उन्हाळा, तरी पांघरूण सुटत नाही.

त्यांची म्होरकी एक पोरगी आहे. कॉर्पोरल न्थाबेलेंग. बुटकी, तुरतुरीत, हातात सतत वही. मी म्हटलं, "काय गं, गाडीपण पांघरूण घेऊनच चालवता का?"

"हो न्ताते," ती म्हणाली. वडीलधाऱ्याला ते न्ताते म्हणतात. "आणि तुम्ही म्हणे झोपून चालवता. रस्ता सरळच असतो ना तुमच्याकडे!"

माझीच पोरं खिदळली, नालायक. पण पोरगी आवडली मला.

गुरुवार, ६ जून

रोजच्यासारख्या गेटवर म्मा-काओनेकडून चार मागविन्या घेतल्या. मैद्याच्या गोल, तळणीतून काढलेल्या, फुगलेल्या, हात भाजतील अशा. तिने कागदात बांधून पुढे सरकवल्या. बोलली नाही. अठरा वर्षं झाली, बाई माझ्याशी एक शब्द बोललेली नाही!

बायको म्हणते, दुसरीकडून घे. का म्हणून? मी काय गुन्हा केलाय?

तिचा नवरा ओदुएत्से. आम्ही एकाच दिवशी भरती झालो, एका खोलीत राहिलो. २००६ साली कान्येच्या उतारावर सात नंबरची गाडी त्याच्या हातात असताना उलटली. मागे पाण्याची भरलेली टाकी जोडलेली. तो जागीच गेला. चौकशीत मला विचारलं, ब्रेक ठीक होते का? होतेच! आदल्या आठवड्यात मीच तपासले होते. खरं ते सांगितलं. मागे बसलेला एक शिपाई सांगत होता, आधी जळका वास आला म्हणून. घाबरलेल्या माणसाला काय वाट्टेल त्याचा वास येतो. शेवटी त्यांनी लिहिलं — चालकाची चूक, अतिवेग.

म्हणून फलकावर त्याचं नाव नाही. कामावर असताना गेलेल्यांची नावं वर्कशॉपच्या भिंतीवर आहेत, त्यात ओदुएत्से नाही. मलाही ते लागतं. पण घाई होतीच त्याला, जेवायचासुद्धा उभ्या उभ्या. मित्र होता म्हणून मी खोटी साक्ष द्यायची होती का?

सोमवार, १० जून

शिकवणी जोरात. वाळूत गाडी कशी काढायची, चाकांतली हवा कधी कमी करायची — माझ्यासारखं सांगणारा यांना जन्मात मिळणार नाही.

न्थाबेलेंगचे प्रश्न मात्र संपत नाहीत. हे काय, ते काय, हे असंच का. आज डाव्या पायाजवळच्या बटणावर बूट ठेवून म्हणते, "न्ताते, हे दाबलं तर काहीच होत नाही."

"शोभेचं आहे," मी म्हटलं.

तिने वहीत लिहिलं: बटण — काही नाही. मग विचारते, "आणि ब्रेक? ब्रेकबद्दल तुम्ही काहीच शिकवलं नाही."

मी पोट धरून हसलो. अगं, वाळूत ब्रेक कशाला लागतो? पाय उचलला की गाडी आपोआप थांबते! आमच्या पोरांचे ब्रेक नवेकोरे राहतात.

गुरुवार, १३ जून

आज तिला घरी जेवायला आणलं. बायकोने मांस शिजवून, कुटून केलं होतं, ज्वारीच्या घट्ट पेजेबरोबर. पोरगी दोनदा मागून जेवली. बायको खूश.

भिंतीवरची माझी फ्रेम तिने पाहिली. प्रशस्तिपत्र! मग काय, सांगितली सगळी हकीगत. कालाहारीत या गाड्या उकळायच्या. कारण कोणाला सापडेना. मी शोधलं! सायलेन्सरच्या नळीत एक झडप असते. बटण दाबलं की ती मिटते, धूर कोंडतो आणि इंजिनच गाडीला मागून ओढून धरतं. आमच्याकडे वाळू जाऊन त्या झडपा अर्ध्या मिटलेल्याच अडकायच्या. मी बाराच्या बारा काढून फेकल्या, नळ्या वेल्ड करून टाकल्या. त्या दिवसापासून एक गाडी उकळलेली नाही!

वाटलं होतं टाळी देईल.

"न्ताते, मग उतारावर काय करायचं?"

"कसला उतार?"

तिने चमचा ठेवला. तिच्या गावचा रस्ता सांगितला. खिंडीतून खाली चाळीस मिनिटं नुसता उतार, एका बाजूला दरी, जुलैत बर्फ. "चाळीस मिनिटं ब्रेक दाबून ठेवला तर ब्रेक पेटतील. ते बटण शोभेचं नाहीये. आमच्याकडे आम्ही त्याच्यावरच जगतो."

मला शिकवते! माझ्या घरात, माझं मांस खाऊन!

शुक्रवार, १४ जून

ती बरोबर आहे.

लिहायला जड जातंय, पण ही वही कोण वाचतंय? सकाळपासून चार नंबरच्या खाली झोपून विचार करत होतो. बारा-बारा टनांच्या गाड्या मी डोंगरात पाठवतोय, झडपेशिवाय. सपाट मुलखात राहून राहून अक्कलही सपाट झाली माझी! समारंभाची तारीख काही बदलणार नाही, म्हणून तडक कर्नलकडे गेलो.

ते म्हणाले, "सही करून टाका. झडपा ते तिकडे बसवून घेतील."

मी म्हटलं, "साहेब, झडप नाही तर सही नाही."

"चौदा दिवसांत बारा झडपा कुठून आणणार?"

"आणणार नाही. बनवणार."

बघत राहिले माझ्याकडे. बघू देत! काढल्या मी, बसवणारही मीच.

शनिवार, २२ जून

नऊ झाल्या! जुन्या ट्रकच्या पत्र्यातून कापतोय, घासतोय. वाळू अडकू नये म्हणून कडेला अंगठ्याच्या नखाएवढी फट ठेवली — ही माझी अक्कल, कारखान्यालाही सुचली नव्हती. न्थाबेलेंग कानस घेऊन दिवसभर शेजारी बसते. तोंड काळं, नाक काळं. म्हणते, "न्ताते, निवृत्तीनंतर आमच्याकडे या. म्हातारे गाढवं राखतात तिकडे."

"तुझ्यासारखी असली तर राखीन," मी म्हटलं.

बारा दिवसांत बारा होणार. मला ठाऊकच होतं.

बुधवार, २६ जून

बाराव्या झडपेला आज सकाळी वेल्डिंगचा शेवटचा टाका. आणि लगेच परीक्षा! उतार शोधायचा तर आमच्या भागात कान्येचाच. सात नंबर काढली, कारण ती सगळ्यांत वजनदार. मागे पाण्याची भरलेली टाकी जोडली. न्थाबेलेंग चाकावर, मी शेजारी.

पहिली फेरी बटण दाबून. काय सांगू! गाडी एखाद्या हट्टी बैलासारखी स्वतःलाच मागे खेचत उतरली. ब्रेकला पाय लावावाच लागला नाही. मी दारावर थापा मारत ओरडत होतो.

मग ती म्हणाली, "आता बटणाशिवाय. किती टिकतात ते मला कळलं पाहिजे."

"कशाला जिवाशी खेळ?"

"माझी पोरं चालवणार आहेत न्ताते."

पहिलं वळण ठीक. दुसऱ्यावर वास यायला लागला, केस जळल्यासारखा. तिसऱ्या वळणाआधी तिने ब्रेक दाबला आणि तो खाली गेला. गेला तो गेलाच, फळीला टेकला. गाडी सुटली! तिने शांतपणे डावा पाय बटणावर ठेवला. धूर कोंडल्याचा तो घोगरा आवाज आला आणि गाडी धरली गेली.

खाली उतरलो. तिने वही काढली, "काही नाही" खोडलं आणि लिहिलं: बटण — जीव.

माझी झडप पास झाली! घरी येताना गाणं म्हणत आलो. तो वास मात्र अजून नाकातून जात नाही. दोनदा आंघोळ केली.

शुक्रवार, २८ जून

झालं! बँड वाजला, मंत्री बोलले, बारा गाड्या रांगेने माझ्यासमोरून गेल्या. दाखल्यावर सही केली, मोठी, ठसठशीत. कर्नलने सगळ्यांसमोर हात मिळवला. "रा-बोइपेलो नसते तर या गाड्या दरीत गेल्या असत्या," म्हणाले. छाती भरून आली, का खोटं लिहू?

न्थाबेलेंगने माझ्या खांद्यावर पांघरूण घातलं, निळं, उंची लोकरीचं. "आता तुम्हीपण पांघरूण घेऊन चालवा न्ताते." रडत होती. मीही.

प्रत्येक गाडीबरोबर तिची नोंदवही द्यायची असते, जन्मापासूनची. सात नंबरची ती चाळत होती. एका पानावर थांबली आणि सहज म्हणाली, "या दोन्ही सह्या तुमच्याच ना? किती सारख्या आहेत. जरासुद्धा हललेल्या नाहीत."

मी पान पाहिलं.

११ मार्च २००६. झडप काढली. खाली माझी सही.

१९ ऑगस्ट २००६. कान्ये येथे उलटली. ब्रेक ठीक होते. खाली माझी सही.

"हो," मी म्हटलं. "माझ्याच."

शनिवार, २९ जून

मार्चात झडप काढली. ऑगस्टात ओदुएत्से गेला. अठरा वर्षांत या दोन नोंदी मी एकदाही शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. एकाच वहीत होत्या. एकाच पानावर होत्या!

भरलेली टाकी. तिसरं वळण. त्या शिपायाला वास खरंच आला होता.

ओदुएत्से जुना ड्रायव्हर. पाय फळीला टेकला तेव्हा त्याने बटण दाबलं असणार. सवयीने. दाबतच राहिला असणार.

आणि त्याच झडपा काढल्याचं प्रशस्तिपत्र मी फ्रेम करून लावलं.

सोमवार, १ जुलै

सकाळी गेटवर गेलो. मागविन्या मागितल्या नाहीत. म्मा-काओनेला सगळं सांगितलं. झडप मी काढली, साक्ष मी दिली, त्याची चूक नव्हती. गिऱ्हाईकं उभी होती, त्यांच्यासमोरच सांगितलं. तिने तळणीखालचा जाळ बंद केला. हात पुसले. अठरा वर्षांनी माझ्याशी बोलली.

"लिहून दे," म्हणाली. "सहीसकट."