सात शब्दांची फीत

७ जानेवारी १९८४

तक्रार गंभीर आहे, म्हणून पहिल्याच पानावर. या खोलीतल्या पाचही खुंट्या बरोबर माझ्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेल्या आहेत. पाठशाळेत धुरावरून अग्नीचं अनुमान करायला शिकलो; इथे टेंगळावरून खुंटीचं करता येतं. न्यायशास्त्रात ही मोलाची भर आहे, पण डोकं दुखतं.

बाकी नाशिक झकास. मनमाडला वीस वर्षं इंजिनांच्या शिट्ट्यांत बसून बातम्या लिहिल्या. इथे पंचवटीत स्वतःच्या पेनाची कुरकुर ऐकू येते. घरमालकीण लंकाबाई, मूळच्या चांदवडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. टेंपोतून माझा स्पूलचा टेपरेकॉर्डर उतरवला तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, शिवणयंत्र आणलंत का?" मी म्हटलं, हो, याच्यावर आवाज शिवतात. मनसोक्त हसल्या.

९ जानेवारी

यंत्र लावलं. आतल्या काचेच्या नळ्या तापेपर्यंत थांबायचं, मग तो हिरवा डोळा हळूच उघडतो आणि गरम धुळीचा वास येतो. कॅसेटवाल्यांना हे थांबणं ठाऊक नाही. खटका दाबला की गाणं. सगळं कसं उतावळ्या पाहुण्यासारखं.

मंगलाला जाऊन पाच वर्षं झाली. तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला आहे, १९७१ सालच्या या फितीवर. आकाशवाणीच्या चाचणीसाठी मी घरी श्लोक म्हणून पाहत होतो आणि ही दारात आली. "अहो, ऐकता का, मला जरा बोलायचं होतं." सात शब्द. त्यावर माझा आवाज : "शूऽऽ! रेकॉर्डिंग चाललंय." मग पुन्हा श्लोक. उच्चार अतिशय शुद्ध. चाचणीत नापास झालो.

एवढंच. पण दर रविवारी ऐकतो.

११ जानेवारी

यंत्राचा पट्टा सैल झालाय. शालिमारजवळच्या नाथा रेडिओवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "सायेब, हे मॉडेल आता कोनी ठेवत नाय. पट्टा तुटला का खेळ खलास. कॅसेटवर उतरून घ्या." जोडायची वायर मिळत नाही म्हणे, या यंत्राच्या पिनाच वेगळ्या. मग गरिबाचा उपाय सांगितला : स्पीकरसमोर माइक धरायचा, दोघांवर गोधडी घालायची, खिडक्या लावायच्या आणि खोलीत कुणाला बोलू द्यायचं नाही. माइक सगळंच ऐकतो.

त्याचाच कॅसेट रेकॉर्डर पंधरा दिवसांसाठी आणला.

१४ जानेवारी, संक्रांत

दुपारी गोधडीखाली डोकं घालून बसलो होतो. दोन्ही यंत्रं फिरताहेत, मंगला बोलायला लागणार, तेवढ्यात लंकाबाई तिळगूळ घेऊन दारात. "घ्या भाऊ, आणि गोड —"

मी गोधडीतूनच हात हलवला. "शूऽऽ!"

वाटी उंबऱ्यावर ठेवून गेल्या. वर्षातल्या ज्या एका दिवशी सगळं गाव गोड बोलायला सांगतं, त्या दिवशी मी हे केलं. संध्याकाळी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तिसरीच्या पोरांना चाळीस वर्षं गप्प केलं, भाऊ. माझ्यावर उलटायचंच होतं." हसल्या, पण जरा कमी.

१५ जानेवारी

कॅसेट ऐकली. "अहो, ऐकता का, मला जरा" — आणि लगेच माझा शू.

'बोलायचं होतं' नाही.

उतरवताना गडबड झाली असेल म्हणून मूळ फीत लावली. तिथेही नाही. शब्द होते तिथे खरखरही नाही. माझा शू मागे सरकून तिथे आला आहे.

१७ जानेवारी

यंत्र आणि फीत नाथाला नेऊन दाखवली. त्याने काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने यंत्राचं, फीत घासत जाते ते डोकं पुसलं, कापसावर तांबूस भुकटी आली. म्हणाला, जुनी फीत, झडणारच. मी विचारलं, मग माझा आवाज का झडत नाही? तो हसला. "तुमचा आवाज पक्का बसलाय ना, सायेब."

जे उरलंय ते तरी लगेच उतरवून घेतलं पाहिजे.

१८ जानेवारी

पुन्हा गोधडी, पुन्हा खिडक्या. या वेळी लंकाबाईंना आधीच बजावलं. अंगणातला नळसुद्धा बंद करायला लावला.

कॅसेटवर : "अहो, ऐकता का" आणि शू. तो आता लांबला आहे. घड्याळ लावून मोजला, नऊ सेकंद. इतका श्वास मला कधीच नव्हता.

लंकाबाई बाहेर थांबून ऐकत होत्या. एवढंच म्हणाल्या, "बाई बोलत होती, तर बोलू द्यायचं की हो."

२० जानेवारी

पिंपळगावला दिवसभर द्राक्षबागांच्या बातमीसाठी. परतलो तर लंकाबाई ओट्यावर बसलेल्या. विचारत होत्या, दुपारभर कुणाला गप्प करत होतात, भाऊ? मी सांगितलं, मी गावातच नव्हतो. त्या माझ्या बुटांवरची तांबडी माती बघत राहिल्या.

यंत्राची वायर तर मी सकाळीच काढून ठेवली होती.

२२ जानेवारी

न राहवून लावली. फक्त "अहो".

किती हळू म्हणते. जसं काही विचारून म्हणते.

कॅसेटींवरही तेवढंच उरलंय. दोन्हींवर.

२३ जानेवारी

सकाळी लंकाबाई दारात येऊन काहीतरी सांगत होत्या. ओठ हलत होते. मला ऐकू आलं नाही — एक अक्षर नाही. रस्त्यावरची सायकलची घंटा मात्र ऐकू येत होती.

नंतर पाटीवर खडूने लिहून दाखवलं : 'तुम्ही मला परत गप्प केलंत.'

मी केलं नाही. माझं तोंड मिटलेलं — मला वाटतं मिटलेलं होतं.

२४ जानेवारी

त्या बहिणीकडे चांदवडला गेल्या. जाताना त्यांना आवाज होता का, ते कळलं नाही.

फितीवर आता श्लोकही नाहीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत शू. दोन्ही बाजूंनी.

२५, दुपार

फीत काढून ठेवलीय. तरी ऐकू येतो. माझ्याच दातांमधून —

ओठांवर हात दाबला की थांबतो. एका हाताने लिहितोय.

दुपारी, नंतर

दाराबाहेर कुणीतरी उभं आहे. आत येत नाही. बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो ना, तेवढाच आवाज. घेतला की थांबते.

भीती तिची नाही. ती कुणाला घाबरवणारी नव्हतीच. खरं ते लिहितो. त्या दिवशी रेकॉर्डिंग संपल्यावर मी तिला विचारलं नाही, काय बोलायचं होतं. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर आठ वर्षं ती रोज जेवताना, एकाच दिव्याखाली माझ्यासमोर होती, आणि मी विचारलं नाही.

आता पुन्हा श्वास घेतला. "अहो" म्हणेल. मला भीती वाटते ती एवढीच, की ती बोलायला लागली तर मी पुन्हा —