नव्व्याण्णवावा दिवस

१० मार्च
मनुबाईची गाय तपासली. २५ जानेवारीला मीच रेतन करून भरवलेली, आज चव्वेचाळिसावा दिवस. हात घातला — गर्भाची पिशवी दोन्हीकडं सारखी. रिकामी. माजावर यायची सुई दिली. मनुबाई म्हणाली, "आण्णा, तुमच्या हाताला डोळं हायती." सव्वीस वर्षं हेच ऐकतोय. शाळा दहावी, हात कुणी शिकवला नाही.

११ मार्च
माझी पोरगी क्रांती शिरवळच्या कॉलेजातनं सुट्टीला आलीय. जनावरांची डॉक्टर व्हायला तिला दोन वर्षं आहेत. गाभण ओळखायच्या नव्या पट्ट्या आणल्यात. सरावाला मनुबाईच्याच गोठ्यात गेली, गाईचं रक्त घेतलं. पट्टीवर दोन रेघा.
गाभण!
"आण्णा, सुई दिली न्हाईसा न्हवं?"
मी चहा घेत राहिलो. त्या सुईनं गर्भ पडतो, हे मला माहीत नाही होय?

१२ मार्च
दिवसभर मोबाईलवर वाचलं. शब्दकोश शेजारी. पट्टी जे प्रथिन धरते ते जारेतलं, म्हणजे गर्भाच्या वारेतलं. आणि त्याची भावकी कुणाशी — तर पोटात अन्न पचवणाऱ्या पेप्सिनशी! तीच घडण: दोन पाकळ्या, मधे खाच. पेप्सिनची खाच अन्न कापते. जारेतल्या प्रथिनांत बऱ्याच जणांची धार गेलेली, खाच तेवढी उरली. एका जनुकाच्या नकला होत होत गाईत अशी वीसच्या वर प्रथिनं झाली. काही शाखा जुन्या, कोट्यवधी वर्षांच्या, काही कालपरवाच्या. खाचेत कशाला धरतात, अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. तीनदा वाचलं.
आणि एक ओळ सापडली: व्याल्यावरही हे प्रथिन रक्तात रेंगाळतं. एखादीत शंभर दिवस.
गाय व्याली २ डिसेंबरला. काल नव्व्याण्णवावा.
सुटलो.

१३ मार्च
मनुबाईचा फोन — गाय माजावर आली, भरवाया या. म्हणालो, आज नको.
क्रांतीला हिशेब दाखवला. जुन्या वासराचं उरलेलं प्रथिन, बाकी काही नाही. ती पट्टी उजेडात धरून म्हणाली, "नव्व्याण्णवाव्या दिवशी उरलेल्याची एवढी जाड रेघ, आण्णा?"

१४ मार्च
चव्वेचाळीस दिवसांची पिशवी मला कळत नाही?

१६ मार्च
गेलो. उभ्यानंच सांगितलं — गाय गाभण होती, मीच पाडलं.
मनुबाई वैरण टाकत होती. थांबली नाही.
"ठावं हाय. परवाच शेणात घावलं मला. अर्ध्या बोटाएवढं. परसात पुरलं. तुमी कवा सांगताय, तेच बघत हुते."