घाटात गाडी गुरगुरते तेव्हा

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

टिटवाळा,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
धाकट्या तानाजीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा रविवारी सकाळी मी येऊरच्या उतारावर गाडी थांबवली आणि प्रीतीला व तिच्या आईला खाली उतरवून चालायला लावलं. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं घालतेस, म्हणून सगळं लिहूनच कळवतो.

ऑफिसातल्या साहेबांची जुनी गाडी घेतली, हे तुला माहीत आहे. ती ऑटोमॅटिक आहे. डाव्या पायाला कामच नाही. गिअर ती स्वतःच्या मनानं बदलते, आणि त्यासाठी तिच्या पोटात एक सोडून दोन क्लच आहेत म्हणे. सपाट रस्त्यावर ती गाईसारखी गरीब आहे. उताराला मात्र तिच्या अंगात येतं. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की ती आपणहून वरचा गिअर घेते आणि सुटते. ब्रेक दाबला की खालचा गिअर घेऊन गुरगुरते. ते गुरगुरणं ऐकलं की माझा जीव कळवळतो, मी पाय उचलतो, की ती पुन्हा सुटते. असं चार वळणं चाललं. शेवटी गावाकडची आठवण झाली. उतार लागला की बैलांवरचा भार कमी करायला बाबा सगळ्यांना बैलगाडीतून खाली उतरवायचे. मी तेच केलं.

पुढे मी चारही दिवे लुकलुकत ठेवून मुंगीच्या पावलानं, मागे प्रीती आणि सासूबाई मीराबाई. सासूबाईंनी उन्हासाठी डोक्यावरून पदर घेतला होता आणि त्या जप करत होत्या. सकाळी फिरायला आलेली माणसं बाजूला उभी राहून नमस्कार करू लागली. दोघे तर टोपी काढून मागून चालायला लागले. त्यातल्या एकानं हळूच विचारलं की कोण गेलं. प्रीतीनं सांगितलं की अजून कोणी नाही, पण गाडी चालवणाऱ्यावर माझा डोळा आहे.

म्हणून मनात येतं की चंपाषष्ठीला गावी जाण्याचं आपण पुन्हा एकदा तपासून बघावं. जायची अडचण नाही, माळशेज चढायचा आहे. यायचं कसं ते खंडोबालाच ठाऊक.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर नको म्हणणार नाही.

तुझा,
तानाजी

---

कळवा,
१९ ऑक्टोबर २०२५

चि. तानाजीस,
कलावतीचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा चिडले. तुझे दाजी एकतीस वर्षं एसटी चालवत होते. माळशेज त्यांनी किती वेळा उतरला असेल याचा हिशेब देवाकडेही नसेल. एकदाही त्यांनी पॅसेंजरांना खाली उतरवून चालवलं नाही. साठ माणसं, त्यांच्या कोंबड्या, वर टपावर कांद्याची पोती. इंजिन असं ओरडायचं की पुढच्या सीटवर मला माझाच आवाज ऐकू यायचा नाही. मी पहिल्यांदा घाबरले तर म्हणाले, ओरडतंय तोवर तू निवांत झोप. त्याचा अर्थ मी कधी विचारला नाही. मी झोपायचे.

आता मुद्द्याचं. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं तर चंपाषष्ठीला येऊन तळी भरीन, असं मी खंडोबाला बोलले आहे. त्याला दोन वर्षं झाली. पहिल्या वर्षी तुझा मोतीबिंदू आला, दुसऱ्या वर्षी तुझ्या सोसायटीची निवडणूक. यंदा गाडीच्या पोटातले दोन क्लच आले. मला चौसष्ट पूर्ण झाली रे. एसटीच्या पायऱ्या या गुडघ्यानं चढवत नाहीत. देवाला आणखी किती वर्षं थांब म्हणून सांगू?

भाऊबीजेला गाडी घेऊनच ये. कळव्यात उतार नाही.

प्रीतीला आणि मीराबाईंना आशीर्वाद. चालून पाय दुखत असतील तर तेल लावून दे. स्वतः लाव.

तुझी,
अक्का

---

टिटवाळा,
६ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
तानाजीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

भाऊबीजेला मी रिक्षातून उतरलो आणि गाडी सर्व्हिसिंगला टाकल्याचं सांगितलं. ते खोटं होतं. गाडी इथे बिल्डिंगखाली उभी होती. वाटेतला एक पूल मला उतरायचा नव्हता. ओवाळून घेताना तोंडावर खोटं बोललो, हे पंधरा दिवस मनाला लागून राहिलं आहे.

म्हणून काल कल्याणला भगवान मेकॅनिककडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मला एक स्टूल दिलं. म्हणाला, काका, एका क्लचकडे एक-तीन-पाच गिअर, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा. एकाचं काम चालू असतं तेव्हा दुसरा पुढचा गिअर तयार ठेवून बसलेला असतो. उतारावर तुम्ही पाय काढला की गाडीला वाटतं, आता जोर लावायचा नाही, पेट्रोल वाचवू, म्हणून ती वरचा गिअर घेते. वरच्या गिअरात इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. ब्रेक दाबलात की तिला कळतं की माणसाला हळू जायचंय. मग ती खालचा गिअर घेते आणि इंजिन मोठ्यानं चालतं.

मी विचारलं, मग ती गुरगुरते कशाला. तो म्हणाला की तुम्हाला धरून ठेवते म्हणून. तिला काही दुखत नाही.

अक्का, मला आपले बैल आठवले. बैल हुंकारला की कासरा सैल सोडायचा, हे आपण शाळेत जायच्या आधी शिकलो. ती मला धरत होती आणि मी दया येऊन तिला सोडत होतो. देवाच्या बाबतीतही माझं असं किती वेळा झालं असेल, असं वाटून गेलं. तेवढ्यात भगवानचा चहा आला.

मग त्यानं गिअरचा दांडा डावीकडे ओढून तिथल्या वजाच्या खुणेकडे टिचकी मारायला शिकवलं. तसं केलं की ती आपण सांगू तो गिअर धरून बसते. उतारावर न्यूट्रल करायची नाही, हे त्यानं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. त्यानंतर मी पत्रीपुलावरून अकरा वेळा उतरलो. आठव्या खेपेला हवालदारानं थांबवून माझं पुलावर काही हरवलंय का, अशी चौकशी केली.

तरी पूल तो पूल आणि माळशेज तो माळशेज. म्हणून एक व्यवस्था केली आहे. सुशांत नावाचा एक अनुभवी ड्रायव्हर आहे. तो परतीच्या दिवशी एसटीनं घाटमाथ्यावर येऊन थांबेल आणि गाडी तेवढी खाली उतरवून देईल. आता तरी येशील ना?

माया आहे तशीच असू दे.

तुझा,
तानाजी

---

कळवा,
११ नोव्हेंबर २०२५

चि. तानाजीस,
आशीर्वाद.

चढायला भाऊ आणि उतरायला भाड्याचा माणूस, असलं मी कुठे ऐकलं नाही. वरातीत घोड्यावर नवरा बसतो आणि बोहल्यावर दुसराच उभा राहतो, तशातली गत. त्या सुशांतला नको म्हणून कळव.

मी पुढच्या सीटवर बसणार. घाट लागला की डोळे मिटून नाव घेत बसेन. भीतीनं नाही. दाजी चालवायचे तेव्हाही मी डोळे मिटायचे, कारण गाडी आपल्या माणसाच्या हातात असायची. परक्याच्या गाडीत मी डोळे उघडे ठेवते.

आणि हे आत्ताच सांगते, मी घाटात खाली उतरून चालणार नाही. गुडघा नवा आहे.

तुझी,
अक्का

---

टिटवाळा,
२९ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
तानाजीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझी तळी भरून झाली, भंडारा उधळला गेला, आणि त्यातला निम्मा अजून गाडीच्या एसीत आहे. एसी लावला की प्रीती पिवळी होते.

आता हे पत्र का, तर परतीच्या घाटात तू डोळे मिटून होतीस. त्यामुळे तिथे काय झालं हे तुला ठाऊक नाही, आणि मला खोटं पचत नाही.

सुशांतला नको म्हणून कळवल्याचं मी तुला फोनवर ओरडून सांगितलं होतं. कळवलं नव्हतं. घाटमाथ्यावर आपण चहाला थांबलो तेव्हा टपरीबाहेर लाल मफलर गुंडाळून बसलेला माणूस तोच. तू चहा पिऊन आधीच सीटवर जाऊन बसलीस आणि डोळे मिटलेस. मी गुपचूप किल्ली त्याच्या हातात दिली. प्रीती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती मी इथे लिहीत नाही. तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला, सीट मागे सरकवली. तेवढ्यात तू डोळे न उघडता हात पुढे केलास, त्याच्या दंडावर थोपटलंस आणि म्हणालीस, सावकाश घे रे तान्या, देवाचं झालंय, आता कसलीच घाई नाही.

तो माझ्याकडे बघायला लागला. मी दार उघडून उभाच होतो. मी त्याला खाली उतरवलं, मागे प्रीतीशेजारी बसवलं आणि मी बसलो.

दांडा डावीकडे घेतला. सरळ उताराला तिसरा, वळणाला दुसरा. गाडी पहिल्यापासून गुरगुरायला लागली. अक्का, ती बोगद्यात गुरगुरली, दरीच्या कडेला गुरगुरली, समोरून कांद्याचा ट्रक आला तेव्हा तर इतकी ओरडली की मला माझा जप ऐकू येईना. मी म्हटलं, ओरड बाई. दया करून एकदाही सोडली नाही. ब्रेक लागला तो वळणापुरता. तुझे ओठ हलत होते, ते हळूहळू थांबले. मान कलली, तेव्हा कळलं की तुला झोप लागली आहे. मागे सुशांतही दुसऱ्या वळणाआधीच घोरायला लागला होता. त्या गाडीत जागे असे आम्ही दोघंच, मी आणि प्रीती, आणि तीही एकदाच बोलली, की जमतंय.

खाली टोकावड्याला थांबलो तेव्हा तू जागी झालीस आणि मागचा माणूस कोण म्हणून विचारलंस. त्याला कल्याणपर्यंत सोडायचंय, असं मी म्हणालो. ते अर्धंच खरं होतं. तेवढ्यात तोही जागा झाला. आपण अजून घाटमाथ्यावरच आहोत असं वाटून डोळे चोळत म्हणाला, चला काका, द्या किल्ली, उतरवून देतो. तुला ते ऐकू गेलं नाही.

रागावणार असशील तर रागाव, पण तुझ्या आशीर्वादातला माझा वाटा कमी करू नकोस.

किल्ली मी दिली नाही.

तुझा,
तानाजी