पगारदार ताईची सही

कोहमारा, बुधवार

तीर्थस्वरूप दुर्गेश्वरीताईस, धाकट्या योगराजचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे आणि भाऊजींचं बीपी आटोक्यात असेल असं धरून चालतो. भंडाऱ्याच्या तुझ्या शाळेला सुट्या लागल्या का, कळव. आम्ही बरे आहोत, आणि हे 'बरे' मी पक्क्या स्लॅबखाली बसून लिहून राहिलो आहे.

घर झालं, ताई, आणि ते तुझ्या सहीनं झालं. पंधरा वर्षं मी या चौकात पंक्चर काढतो, पण पगाराची चिठ्ठी नाही म्हणून बँकेच्या लेखी मी कमावतच नव्हतो. (आपला मावसभाऊ दुर्गाप्रसाद सरकारी शिपाई, त्याला आठ दिवसांत कर्ज मिळालं. त्याच पगारातून तो मला पंक्चरचे पैसे देतो, ते मात्र बँकेला दिसत नाहीत.) शेवटी बँकेचे साहेब माझा धंदा बघायला आले आणि खुर्ची टाकून गिऱ्हाइकं मोजत बसले. नेमकं त्या दिवशी हायवेवरच्या एकाही टायरला काही झालं नाही. तुझ्या भावजयीनं, राखीनं, तीनदा चहा पाजला. चार वाजता साहेब उठले, तर त्यांच्याच मोटारसायकलचं मागचं चाक बसलेलं. मला आनंद झाला, त्यांना संशय आला. खिळे तुम्हीच टाकले का, म्हणाले. राखी म्हणाली, "टाकाचेच असते त सकारीच नसतो का टाकलो, साहेब?" साहेब हसले, पंक्चरचे पैसेही दिले, आणि कागदावर लिहून गेले: उत्पन्न अनिश्चित, पगारदार जामीन हवा.

मग तू रजा टाकून एसटीनं आलीस. मॅनेजरनं तुला खुर्ची दिली (मी उभाच होतो, कर्ज मला हवं होतं ना), आणि पाच मिनिटांत सही झाली. तेव्हा मी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो. तहान लागली नव्हती, ताई.

आता राखी फरशी दिवसातून तीनदा पुसते आणि ग्रीसच्या पायांनी मला आत येऊ देत नाही. घर माझं, जेवण ओसरीत. तरी त्या ओसरीतही गोड लागतं.

राहायला आधीच आलो असलो तरी रीतसर गृहप्रवेश रविवारी आहे. पहिलं पाऊल तुझंच.

तुझा,
योगराज

ता. क. : येताना काही आणू नको. फक्त पॅनकार्ड आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आण.

पुन्हा ता. क. : शेजारच्या वेल्डिंगवाल्या टेकचंदनं खिडक्यांच्या जाळ्या बसवल्या, मजुरी घेतली नाही. त्यानंही बँकेत चार खेपा घातल्या, पण त्याला पगारदार बहीण नाही. मी मॅनेजरला विचारून ठेवलं आहे. तुझ्या पगारात अजून एक सही बसते म्हणतात.