निळ्या कव्हरातला आवाज

जिंतूर

प्रिय राम,

तुझे फोनावर फोन आले आणि दर वेळी मी "रेकॉर्ड पोचली रे बाबा, नीट पोचली" एवढं बोलून फोन भक्तीच्या हातात दिला. तुला वाटलं असेल, अक्काला काही किंमत नाही. 'मी एवढी वणवण करून ती मिळवली आणि हिला दोन शब्द सुचेनात,' असं. तसं नाही रे. तू विचारलं होतंस, "अक्का, हाच का तो आवाज?" त्याचं उत्तर फोनवर द्यायला गेले असते तर मला रडू आलं असतं, आणि ते ऐकून तू तसाच गाडी काढून नांदेडहून निघाला असतास. म्हणून कागद घेतला. माझी भक्ती आणि तिची बाळी दोघी झोपल्यात. माय खाटेवर बसून मी काय लिहिते ते विचारतेय. डोळे गेले तरी तिची चौकशी काही गेली नाही.

आधी तुझी थोडी खोड काढते. निकिताचं आणि माझं तुझ्यावरून किती बोलणं होतं, तुला माहीत नाही. लोक निवृत्त झाल्यावर बागकाम करतात, तू भिंग घेऊन तबकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत कोरलेले आकडे वाचत बसतोस. निकिता म्हणते, एवढ्या बारकाईनं यांनी लग्नात माझी पत्रिकासुद्धा बघितली नव्हती. अण्णांची रेकॉर्ड झिजून गेली म्हणून त्याच निळ्या कव्हराची, त्याच आठ गाण्यांची रेकॉर्ड तू आधी हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलीस. ती मला ऐकवलीस आणि म्हणालास, छपाई वाईट आहे, गाणाऱ्या बाईंचा आवाज जड येतोय. मग दुसरी पुण्याहून मागवलीस. तिचंही तेच. तू म्हणायचास, या सगळ्या नंतरच्या छपाया, साचा झिजल्यावर काढलेल्या. पहिली छपाई मिळू दे, मग बघ, आपल्या अण्णांच्या रेकॉर्डसारखा सुईसारखा बारीक आवाज येतो की नाही. आणि ती पहिली छपाई मिळाली कुठं, तर आपल्याच पालमला! चांगुणाबाईंना ती लग्नात आहेर म्हणून आली होती आणि घरात वाजवायचं यंत्रच नव्हतं. जन्मभर ट्रंकेत लुगड्यांखाली राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. त्या माउलीनं पैसे घेतले नाहीत, "मला एकदा ऐकवा मंजी झालं," एवढंच म्हणाली, हे तू सांगितलंस ते मी विसरले नाही.

तुला आपलं ताडकळसचं फार आठवत नसेल. तू लहानपणीच परभणीला वसतिगृहात गेलास. मला मात्र अण्णांचा सगळा संसार डोळ्यांसमोर आहे. दोन भोंगे, त्यांवर पांढऱ्या रंगात 'बन्सीधर, ताडकळस', एक अँप्लिफायर आणि ते पत्र्याच्या पेटीतलं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. लग्नसराईत अण्णा चार चार दिवस घरी नसायचे. निळ्या कव्हराची रेकॉर्ड मात्र लग्नाची नव्हे, ती मायसाठी आणलेली. जात्यावरच्या ओव्या, दोन गौळणी आणि शेवटी पाळणा. बाई काही फार नावाजलेल्या नव्हत्या, रेडिओवर कधी कानावर पडल्या नाहीत. पण ताडकळसात बारसं कुणाच्याही घरी असो, पाळणा तोच लागायचा. अण्णा भोंगा न लावता नुसतं यंत्र घेऊन जायचे आणि बारशाचा एक पैसा घ्यायचे नाहीत.

मी त्या बाईंच्या पायी वेडी होते. रेकॉर्ड लागली की यंत्राला चिकटून बसायची आणि त्यांच्याबरोबर गायला जायची. पहिली ओळ जमायची, दुसरी वर चढली की माझा गळा चिरकायचा. खाली उतरून गायलं की वाटायचं, आपण कुठं आणि त्या कुठं. माय एकदा भाकरी थापता थापता हसून म्हणाली, "बाई गं, तुजा गळा गड्यावानी हाय. त्यांच्यावानी बारीक कुटून आणशील?" तिच्या मनात काही नव्हतं, पण माझ्या मनात ते बसलं. मी गाणं सोडलं. सोडलं म्हणजे पार सोडलं, राम. शाळेत इतकी वर्षं पोरांना कविता शिकवल्या, पण चाल लावायची वेळ आली की शेजारच्या वर्गातल्या राजेश्रीबाईंना बोलावून आणायची. भक्तीच्या बारशाला बायका म्हणाल्या, आई हाय ना पोरीची, म्हणा की पाळणा. मी म्हटलं, अण्णा यंत्र आणायलेत ना. पोटच्या पोरीला मी कधी गाऊन निजवलं नाही, नुसती थोपटत राहिले. हे मी कुणाला बोलले नाही, आज तुला लिहिते.

आता तुझ्या पहिल्या छपाईचं ऐक. तू रेकॉर्डबरोबर आपलं जास्तीचं यंत्रही पाठवलंस, थाळीच्या कडेला ठिपके असलेलं. दुपारी जेवणं झाल्यावर भक्तीनं लावलं. राम, काय साफ आवाज रे! तंबोऱ्याची एकेक तार वेगळी ऐकू येते. ओळ सुरू करण्याआधी बाई श्वास घेतात, तोही ऐकू येतो. पण आवाज? आवाज तोच, हैदराबादच्या रेकॉर्डमधला. खालचा, भरलेला, संथ. मला वाटलं, तुझं यंत्रच हळू चाललंय. मी तुझ्यावर मनातल्या मनात चिडलेसुद्धा. भक्ती म्हणाली, आई, थाळी फिरत असताना ठिपके एका जागी थांबलेले दिसतात म्हणजे वेग बरोबर आहे, मामानं तसंच सांगितलंय. ठिपके अगदी थांबलेले होते.

मग मी माळ्यावरून अण्णांचं यंत्र काढलं. माय ताडकळस सोडून माझ्याकडे आली तेव्हा तिनं भांडीकुंडी वाटून टाकली, पण ते यंत्र मांडीवर घेऊन एसटीनं आली, हे तुला आठवत असेल. अजून चालतं रे ते. तीच रेकॉर्ड त्यावर ठेवली आणि घरात लहानपण उभं राहिलं. तोच सुईसारखा बारीक आवाज! पण आता माझ्या कानांनी दुसराही ऐकला होता. या आवाजात बाईंना धाप लागल्यासारखी वाटत होती. पाळणा गाणारी बाई एवढ्या घाईनं कशाला श्वास घेईल? लेकरू निजवायचंय की गाडी पकडायचीय?

मी थाळी उचलली. खाली मोटारीची बारीक दांडी एका रबरी चाकाला घासते, आणि ते चाक थाळी फिरवतं. त्या दांडीवर दवाखान्यात जखमेला लावतात ती चिकटपट्टी गुंडाळलेली, तेलानं काळी झालेली. आणि मला एकदम सगळं आठवलं. रबर गुळगुळीत होऊन चाक घसरायचं, भर वरातीत गाणं रेंगाळायचं, लोक अण्णांना हसायचे. तेव्हा त्यांनीच ओट्यावर बसून पट्टी गुंडाळली होती आणि म्हणाले होते, "आता बग कसं झकास पळायलंय." चाक घसरायचं थांबलं खरं, पण दांडी जाड झाली आणि थाळी जोरात फिरायला लागली. जोरात फिरली म्हणून आवाज वर चढला, बारीक झाला. ताडकळसच्या वराती वेळेवर का पोचायच्या, ते आता कळलं! गावातली सगळी गाणी पळत होती आणि आम्हाला वाटत होतं, गाणं असंच असतं. तुझ्या एकाही रेकॉर्डची छपाई खोटी नव्हती, राम. तू वर्षानुवर्षं जो आवाज शोधत होतास, तो आवाज कुठल्याच बाईचा नव्हता. तो अण्णांच्या चिकटपट्टीचा होता.

आधी मी पोट धरून हसले. मग राग आला, खोटं कशाला बोलू. एवढीशी पट्टी आणि माझा गळा जन्मभर बंद. पण राग टिकेना. त्याच पट्टीवर घसरत न घसरत अण्णांनी लग्नं वाजवली, तुझी वसतिगृहाची फी भरली, माझं डी.एड. केलं. त्या यंत्राशिवाय मला गाणं कधी आवडलंच नसतं. ती पट्टी मी काढली नाही, आणि तू आलास की हात लावायचा नाहीस, आत्ताच सांगून ठेवते. आणि तुझे उपकार कसे मानू? तू चुकीच्या आवाजाच्या मागे लागलास म्हणून खरा आवाज घरी आला. आधीच्या छपायांत हाच आवाज ऐकला तेव्हा मीही छपाईलाच दोष दिला होता. इथं दोष द्यायला काही उरलं नाही.

आता खरं ते सांगते, ज्यासाठी हे पत्र. दुसऱ्या दिवशी तुझ्या यंत्रावर मी पुन्हा तो पाळणा लावला. माय आतल्या खोलीत पडून होती. गाणं सुरू झालं आणि थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "कावेरे, कवा शिकलीस गं? किती गोड गायलीस! आगं, लेकराला जवळ घिऊन म्हण की." मी दारात उभी राहिले, सांगायला गेले की माय, मी नाही, ती रेकॉर्ड आहे, तीच तुझी निळ्या कव्हरातली. पण ती हात पुढं करून हसत होती. मी परत गेले, सुई उचलून ठेवली, बाळीला मांडीवर घेतलं आणि पुढचं कडवं मी म्हटलं. चिरकले नाही. मायला फरक कळला नाही, बाळी निजली, आणि भक्ती दाराआड रडत उभी होती. तर राम, बाळीच्या बारशाला तू ते दोन मोठे स्पीकर आणतो म्हणालास, ते आणू नकोस. वाट वाकडी झाली तरी चालेल, पण पालमहून चांगुणाबाईंना गाडीत घेऊन ये. त्यांना रेकॉर्ड आपण दुसऱ्या दिवशी निवांत ऐकवू, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत. बारशाच्या दिवशी मात्र रेकॉर्ड लागणार नाही. पाळणा मी म्हणणार आहे. तू पुढं बस, मला दिसशील असा.

तुझीच,
अक्का