रजिस्टरचं शुद्धलेखन

४ तारीख, सोमवार
नवी नोकरी. कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, तपासायचा. कायम करणार की घरी पाठवणार, हे महिनाअखेर ठरेल. डिप्लोमा अर्धा सोडल्याचा विषय साहेबांनी काढला नाही. मीही नाही. छातीत धडधड. उत्साहाची असावी.

५ तारीख
काम समजलं. प्रोसेसरमध्ये रजिस्टर नावाचे मोजके खण असतात. कुठला आकडा कुठल्या खणात ठेवायचा, ते कंपायलर ठरवतो. दोन आकडे एकाच खणात कोंबले की पहिला गेला. तसं होत नाही ना, हे आमच्या टेस्ट पाहतात. पास हिरव्या, नापास लाल. आज बऱ्याच लाल. शेजारच्या टेबलावरचे सीनियर अण्णा म्हणाले, घाबरू नकोस, लाल दिसतंय म्हणजे तपासणी जिवंत आहे. ही सबब झाली.

७ तारीख
प्रत्येक टेस्टमध्ये ‘रजिस्टर’चं इंग्रजी स्पेलिंग चुकलंय! आय आधी हवा, तिथे एस. आणि हे इंजिनिअर म्हणवतात. सध्या ताईकडेच राहतो. जेवण गेलं नाही. ताई म्हणाली, तू तुझं काम बघ, त्यांची शाळा घेऊ नकोस. ताईला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

८ तारीख, संध्याकाळ
सगळी स्पेलिंगं सुधारली. कुणाला विचारलं नाही. चांगल्या कामाला परवानगी कशाला? टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या!!

११ तारीख
साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. माझा सिद्धांत: नीटनेटकेपणा यंत्रालाही कळतो. अण्णा म्हणाले, इतकं हिरवं मला पचत नाही बुवा. जळतात.

१५ तारीख
कंपायलर ग्राहकाकडे गेला. वॉशिंग मशीनवाले आहेत, मशीन चालवणारा प्रोग्राम आता आमच्या कंपायलरमधून जाणार. आईला फोनवर सांगितलं, कायम झाल्यातच जमा. तिने लगेच मावशीला कळवलं. भावोजी म्हणाले, वा! मग स्वतःची खोली कधी बघताय?

१९ तारीख
सारखा उठून टेस्ट बघतो. हिरव्याच. मग ही हुरहूर कसली? चहा कमी करणार. उद्यापासून.

२५ तारीख
ग्राहकाचा फोन. पाण्याचं तापमान आणि ड्रमचा वेग एकाच खणात गेले. चाळीस अंशांवर लावलं की ड्रम मिनिटाला चाळीसच फेरे घेतो. कपडे पिळायचे तर डुलक्या काढतो. मी म्हणालो, टेस्ट हिरव्या आहेत, दोष मशीनचा असेल. साहेबांनी अण्णांना बोलावून घेतलं.

२६ तारीख
अण्णांना सापडलं. तपासणारा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला, स्पेलिंगची तीच चूक त्यातही. तो चुकीचा शब्द दिसला तरच प्रोग्राम तपासतो. नाही दिसला, तर तपासायला काही नाही असं समजून पास करतो. म्हणजे आठ तारखेपासून काहीच तपासलं गेलेलं नाही. अण्णा म्हणाले, अरे शहाण्या, चूक होती, पण चालत होती ना! जुन्या फायली एका कमांडने परत येतील म्हणाले. मी म्हणालो, नको, मीच ती चूक हाताने परत घालतो, माझं स्पेलिंग पक्कं आहे. साहेब म्हणाले, ठीक आहे, शेवटची संधी.

२७ तारीख
दिवसभर टाइप केलं. टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या. अण्णांनी डोक्याला हात लावला. फाइल उघडली. आय आणि एसऐवजी मी एस आणि टीची अदलाबदल केली होती.
साहेबांनी आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाले, अरे, चुकीचं स्पेलिंग तरी बरोबर लिहायचंस. महिनाअखेरपर्यंत थांबायची गरज नाही म्हणाले.
आईला अजून फोन केलेला नाही. इथे रेंज नीट येत नाही.